हिरव्या चौकटीतला मण्यार

शकुंतलाबाईला राग लवकर येतो, हे टोल्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या पावसाळ्यात तिला जो राग आला तो एक दिवस, दोन दिवस नाही, चांगला अडीच महिने टिकला. आणि माझं विचाराल तर तो यायलाच हवा होता. ज्यांना आला नाही, त्यांचीच मला लाज वाटते.

बपेऱ्याच्या अलीकडे जंगलाला चिकटून चाळीसेक घरांचा हा टोला. तोंडाशीच सातवीपर्यंतची शाळा. त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते ती शकुंतलाबाई, मदतीला उषाबाई. शकुंतलाबाई शाळेत रोज जाते, पण शाळा शिकलेली नाही. सही करायची म्हटलं की अंगठा पुढे करते. मात्र जंगलातलं सरपटणारं, उड्या मारणारं काहीही तिच्यासमोर आणा, ती नाव सांगेल, स्वभाव सांगेल, आणि ते बिचारं तिथे का आलं तेही सांगेल. बाप तिला लहानपणी धानाच्या बांधावरून हात धरून न्यायचा आणि दाखवायचा. ही धामण, उंदरं खाते, हिला हात लावायचा नाही. ही सापसुरळी, चमकते नुसती. ही घोरपड, मोहाच्या ढोलीत राहते. रोवणीच्या दिवसात बांधीत बेंडकं ओरडली नाहीत तर बाप जेवताना गप्प व्हायचा, म्हणायचा, पोरी, यंदा किडा लय पडन.

शाळेच्या सरपणात साप निघणं हे नेहमीचंच. उषाबाई चुलीवरून उडी मारून बाहेर पळते. शकुंतलाबाई लांब काठी घेते, सापाला उचलते, नाल्यापलीकडे सोडून येते, हात धुते आणि डाळीला फोडणी देते. नागपंचमीला साऱ्या टोल्याच्या भिंतींवर काजळीने आणि तांदळाच्या पिठाने नाग काढायला तिलाच बोलावतात. तिने काढलेले साप नुसत्या वळवळत्या रेघा नसतात. कोणता कोणता ते ओळखू येतं.

एका सापाला मात्र ती उचलून सोडत नसे, मारतही नसे. तो दिसला की नवऱ्याला, गोमाजीला, हाक मारायची. तो साप म्हणजे मण्यार. तिची पोरगी विजयमाला नऊ वर्षांची असताना मण्यार चावून गेली, एकवीस वर्षांपूर्वी. टोल्याला एवढंच माहीत होतं.

तर जूनच्या शेवटी, शाळा उघडली त्याच आठवड्यात, शाळेच्या फाटकाशी एक मोठा बोर्ड लागला. शहरातल्या कुठल्याशा संस्थेने तयार केलेला, वनखात्याच्या ऑफिसातून मंजूर होऊन आलेला. दोन लोखंडी पायांवर उभा, वर टिनाचं छप्पर, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘आपल्या उत्तर वनपट्ट्यातील सरपटणारे व उभयचर प्राणी’. खाली रंगीत फोटोच फोटो. साप, सरडे, घोरपड, कासव, बेडूक. तिथले राजकुमार साहेब जीपमधून आले, नारळ फुटला, मुलांना पेढे मिळाले. साहेबांनी भाषणात समजावून सांगितलं, ‘‘लाल चौकट म्हणजे विषारी. दूर राहायचं. हिरवी चौकट म्हणजे आपला मित्र. घाबरायचं नाही. हातात घेतला तरी काही करत नाही.’’

शकुंतलाबाई चहाचे कप घेऊन उभी होती. तिला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. जन्मभर ज्यांना लोकांनी लाठीने ठेचलं, त्यांचे फोटो असे देवासारखे टांगलेले पाहून तिला बरं वाटलं. पाहुणे गेल्यावर ती पदराला हात पुसत बोर्डासमोर उभी राहिली आणि एकेकाला ओळखत गेली. ही पानदिवड. हा घोणस, लाल, बरोबर. हा नाग, लाल. ही धामण, हिरवी, शाब्बास. आणि मग तिचं बोट थांबलं.

काळाकुळकुळीत, चकचकीत अंग. पांढरे बारीक पट्टे, जोडीजोडीने. मानेजवळ पट्टा नाहीच, शेपटीकडे दाट होत गेलेले. मण्यार. आणि त्याच्याभोवती हिरवी चौकट.

‘‘उषे, इकडं ये. काय लिहिलं वाच बरं.’’

उषाबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिने अक्षरावर बोट ठेवत वाचलं, ‘‘कवड्या. बिनविषारी.’’

‘‘अन् तो बाजूचा? लालवाला?’’

‘‘मण्यार. अतिविषारी.’’

बाजूच्या लाल चौकटीत तपकिरी, मळकट अंगाचा साप होता. मानेपासूनच पट्टे सुरू, शेपटीकडे पुसट होत गेलेले. तो गरीब कवड्या. घराच्या भिंतीवर पाली खात फिरतो. लावणाऱ्यांनी फोटो इकडचा तिकडे लावला होता. बाकी तीसेक फोटो अचूक, आणि चूक नेमकी तिथे, जिथे चुकायला नको.

‘‘अगो माय!’’ शकुंतलाबाई एवढंच म्हणाली आणि तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेली.

भैय्यालाल सर मस्टर भरत होते. भला माणूस, पण कागदाला भिणारा. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘‘शकुंतलाबाई, ते एक्सपर्ट लोकांनी बनवलंय. आपण त्याच्यात काही बोलू शकत नाही.’’

‘‘सर, तो मण्यार हाये. पोरं हात लावतीन.’’

‘‘पाहू. वरती कळवतो.’’

वरती म्हणजे कुठे, ते देवालाच माहीत. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. ती रोज विचारी आणि ते रोज ‘कळवलं आहे’ म्हणत. पालथ्या घड्यावर पाणी! आता शाळेत नवीन लागलेले एक सचिन सर होते, जिल्ह्यातल्याच शहापूरचे. उत्साही पोरगा. मुलांना घेऊन बोर्डासमोर उभा राहायचा, पाठ करून घ्यायचा. ‘हिरवी चौकट?’ ‘मित्र!’ ‘लाल चौकट?’ ‘दूर!’ रोज सकाळी हे ओरडणं चुलीपर्यंत ऐकू यायचं आणि शकुंतलाबाईच्या हातातला झारा थांबायचा. शेवटी तिने सचिन सरांना गाठलं. त्यांनी मोबाइलवर दोन्ही सापांचे फोटो काढले, बोटाने मोठे केले, लहान केले आणि हसून म्हणाले, ‘‘मावशी, मले तं दोनी सेमच दिसून राहिले. बोर्ड बनवनाऱ्याइनं काय पाहिलं नसन काय?’’

‘‘तुमाले सेम दिसते, म्हनूनच तं बोंबलून राहिली मी!’’

पोरगा वाईट नव्हता. पण छापलेल्यावर विश्वास ठेवायचा आणि चुलीजवळच्या बाईवर नाही, एवढं तो कॉलेजात शिकून आला होता.

मग तिने स्वतःच उपाय केला. गोणपाटाचा तुकडा कापला, भाताच्या पेजेत बुडवला आणि दोन्ही फोटोंवर थापून दिला. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. भैय्यालाल सरांनी तो पाणी मारून काढायला लावला आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, ‘‘सरकारी मालमत्तेचं नुकसान आहे हे. पुन्हा असं केलं तर दुसरी बाई पाहावी लागेल.’’

दुसरी बाई! सोळा वर्षं धुरात डोळे जाळून पोरांना जेवू घातलं, कोणाच्या ताटात कधी खडा आला नाही, तिला दुसरी बाई! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिने भांडी अशी आपटली की गोमाजी अंगणात जाऊन बसला.

‘‘अवो,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘ऑफिसात जाऊन पाहू काय?’’

गेले. गोमाजीच्या लुनावर बसून दोघं राजकुमार साहेबांच्या ऑफिसात गेले. दोन तास बाकावर बसले. साहेब मीटिंगमध्ये होते. बाहेरच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, ‘‘लेखी अर्ज द्या.’’ गोमाजीने कोणाकडून तरी लिहून आणला, तिने अंगठा दिला. पुढच्या वेळी तो माणूस म्हणाला, ‘‘अर्ज संस्थेकडे पाठवला आहे.’’ त्यापुढच्या वेळी म्हणाला, ‘‘बाई, तुमचं शिक्षण किती?’’

सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे ठीक आहे. रस्त्याचा खड्डा सहा महिने थांबतो. साप थांबतो का?

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. रात्रभर पाऊस होता, सकाळी उघडलं होतं. शकुंतलाबाई तांदूळ निवडत होती. बाहेर पोरांच्या टाळ्या ऐकू आल्या. तिने सहज मान वर केली आणि सूप हातातून सुटलं.

शाळेच्या कुंपणाशी विटांचा ढीग होता. सचिन सरांनी तो हलवायला घेतला असणार. आणि आता ते बोर्डासमोर उभे होते, भोवती वीस-पंचवीस पोरं, आणि त्यांच्या उजव्या मनगटाला विळखा घालून एक काळा, चकचकीत, पांढऱ्या पट्ट्यांचा साप लोंबत होता. दिवसा मण्यार सुस्त असतो. डोकं लपवून पडून राहतो. म्हणूनच सर जिवंत होते. ते मोठ्याने विचारत होते, ‘‘कोन आहे हा? सांगा!’’ आणि पोरं बोर्डाकडे बोट दाखवून एका सुरात ओरडली, ‘‘कवड्या!’’ पुढच्या रांगेतल्या दामिनीने तर हात लावायला बोट पुढे केलं होतं.

शकुंतलाबाईच्या घशापर्यंत किंकाळी आली. ती तिने गिळली. सर दचकले असते, हात झटकला असता, की संपलं. तिने कोपऱ्यातला रिकामा गंज झाकणासकट उचलला, त्याच गंजात रोज खिचडी शिजते, आणि चालत, पळत नव्हे, चालत ती तिथे गेली.

‘‘दामिनी, मागं सर, बाई. सारेच मागं सरा. सर, लय मस्त कवड्या हाये.’’

‘‘पाहा ना मावशी! तुम्ही उगाच...’’

‘‘हो, मीच उगाच बोलत होती. हात हालवू नका. असाच हळू खाली घ्या, गंजात. त्याले आपल्यानं उतरू द्या. पोराइले झाकनाच्या फटीतून दाखवू.’’

सरांनी हात गंजात नेला. साप उतरायला तयार नव्हता. मग त्याने विळखा सैल केला, अंधारा तळ त्याला आवडला असावा, आणि तो सरकत खाली गेला. सरांचा हात बाहेर आला त्याच क्षणी तिने झाकण आपटलं, पदर फाडून वरून करकचून बांधला आणि मग जे तोंड सोडलं, ते टोल्याच्या शेवटच्या घरात ऐकू गेलं.

‘‘मण्यार हाये तो, मुडद्या! मण्यार! हात दाखव! हात दाखव म्हनते ना!’’

सरांना तिने मुडदा म्हटलं, हे तिला नंतर उषाबाईने सांगितलं. तिने त्यांचं मनगट उजेडात धरून बोटबोट पाहिलं. ओरखडा नव्हता. पण मण्याराचा दात लागला तरी मुंगी चावल्याएवढंही कळत नाही. ती भैय्यालाल सरांकडे वळली. ‘‘गाडी काढा अन् या सरले दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता. उद्या सकाळवरी घरी आनू नका.’’ भैय्यालाल सरांनी या वेळी कोणाला कळवलं नाही, मोटारसायकल काढली. सचिन सर पांढरेफटक पडले होते. मागे बसवताना त्यांना दोघांनी धरावं लागलं.

आणि शकुंतलाबाईने गोमाजीला बोलावलं, गंज मांडीवर घेतला आणि म्हणाली, ‘‘चला.’’

‘‘कुठं?’’

‘‘अर्ज द्यायले.’’

ऑफिसच्या बाकावर ती या वेळी बसली नाही. बाहेरचा माणूस ‘साहेब मीटिंग...’ म्हणेपर्यंत ती आत होती. राजकुमार साहेब जेवणाचा डबा उघडत होते. तिने डबा बाजूला सारला आणि गंज टेबलावर ठेवला.

‘‘काय आहे हे? बाई, असं आत...’’

‘‘तुमचा मित्र हाये. हिरव्या चौकटीतला. आमच्या सरनं बोर्ड पाहून हातात घेतला. आता तुमी घ्या.’’ तिने पदराची गाठ सोडली. झाकणावर हात ठेवला. ‘‘घाला हात.’’

साहेबांची खुर्ची भिंतीला जाऊन लागली.

‘‘काहून? बिनविषारी हाये ना? तुमीच तं सांगितलं, हातात घेतला तरी काही करत नाही. माह्या शाळेतली पोरं घेतीन, अन् तुमाले भेव लागते? घाला ना हात!’’

गोमाजी दारात उभा होता. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याने तिला पुष्कळदा चिडलेलं पाहिलं होतं, पण तिचा आवाज असा फाटलेला एकदाच ऐकला होता.

‘‘झाकण... झाकण बांधा आधी,’’ साहेब म्हणाले. ‘‘बाई, मी मानतो तुमचं. पण तुम्हाला इतकी खात्री कशी? दोन्ही साप इतके सारखे. चांगली शिकलेली माणसंसुद्धा चुकतात.’’

शकुंतलाबाईने गाठ पुन्हा मारली. मग टेबलाला धरून उभी राहिली.

‘‘मीही चुकली होती, साहेब.’’ तिने गोमाजीकडे पाहिलं नाही. ‘‘नागपंचमीचा दिवस होता. दिवे लागायच्या वक्ती कोठीखालून निंगाला. आमच्या यायनं लाठी उचलली. मीच हात धरला. म्हनलं, आज सन हाये, मारू नका, कवड्या हाये. बापानं शिकवलं होतं, तोरा होता मले. निस्तं पाहिलं, नीट नाही पाहिलं. झाडूनं गोठ्याकडं हाकलून देल्ला. राती पोरगी खाली भुईवर निजली होती, तो फिरून आत आला. सकाळी म्हने, माय, पोट दुखते. डोळे उघडेनात तिचे. मी तिले ओवा देल्ला, साहेब. ओवा.’’

गोमाजी खाली बसला. एकवीस वर्षं हे त्यालाही माहीत होतं, आणि एकदाही त्याने तिला बोलून दाखवलं नव्हतं.

‘‘आज पुन्हा त्याले कवड्या म्हनावं लागलं मले. सरचा हात हालू नये म्हनून. जीभ जळली माही.’’ तिने डोळे पुसले नाहीत. ‘‘मी चुकली तं माही एक पोरगी गेली. माही चूक माह्या घरात राहिली. तुमी तं चूक टिनावर छापून शाळेपुढं उभी केली. अन् मी सांगून राहिली, तं मलेच इचारता, शिक्षन किती?’’

साहेबांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. मग बाहेरच्या माणसाला हाक मारून लाल आणि हिरव्या रंगाचे डबे मागवले. एवढं मात्र त्यांच्या बाजूने म्हणायला हवं, की सबब सांगितली नाही. साहेबांच्या जीपमधून शाळेकडे जाताना वाटेत जंगलात शकुंतलाबाईने जीप थांबवायला लावली, गंज घेऊन उतरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मण्याराला आपल्या हाताने दगडांच्या खोबणीत सोडून आली. त्याचा काय गुन्हा होता? तो मण्यार होता, मण्यारासारखा वागला. त्याने कुठे बोर्ड लावला होता?

शाळेपाशी साहेबांनी स्वतः ब्रश घेतला. हिरव्या चौकटीवर लाल फिरवला, लाल चौकटीवर हिरवा. नावं आणि खालची ओळ खोडली आणि इकडची तिकडे लिहिली. उषाबाईने बोट ठेवून दोनदा वाचून दाखवली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. अडीच महिने तिने पायऱ्या झिजवल्या त्या या दहा मिनिटांसाठी. दवाखान्यातून भैय्यालाल सरांचा फोन आला, की सचिन सर ठीक दिसताहेत, रात्रभर ठेवून घेणार आहेत.

साहेबांनी ब्रश पुसला. ‘‘झालं ना बाई आता? शांत व्हा.’’

शकुंतलाबाई बोर्डाकडे पाहत होती. खाली कोपऱ्यात एक आकडा होता. अक्षर येत नसलं तरी आकडे तिला येतात. तांदळाची पोती मोजून घ्यावी लागतात.

‘‘हे सतरा काहून लिहिलं हाये?’’

‘‘तो बोर्डाचा नंबर आहे. हा सतरावा.’’

‘‘सतरावा,’’ ती म्हणाली. ‘‘मंग किती लावले?’’

साहेबांच्या ते आत्ता ध्यानात येत होतं, आणि त्यांचा चेहरा पाहून तिच्याही आलं.

‘‘बेचाळीस,’’ ते म्हणाले. ‘‘बेचाळीस शाळांमध्ये. उद्या पत्र काढतो सगळीकडे, लगेच...’’

‘‘पत्र?’’

ती एकच शब्द बोलली, पण पोरं दोन पावलं मागे सरली. तिने साहेबांच्या हातातून ब्रश घेतला, रंगाचे दोन्ही डबे उचलले आणि जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. डबे मांडीवर धरले. उषाबाईला ओरडून सांगितलं, की पोरं उपाशी आहेत, दुसऱ्या गंजात तांदूळ टाक आणि मीठ पाहून घाल. गोमाजीला सांगितलं, की आपल्याला यायला वेळ लागेल.

‘‘दिवस बुडायले अजून चार तास हायेत,’’ ती साहेबांना म्हणाली. ‘‘बसा लवकर. जवळची शाळा कोनती?’’